घड्याळ बरोबर, चंद्र चूक : मार्क ट्वेनच्या जहाजावरची दिनचर्या



प्रवासवर्णन वाचताना आपण बहुधा शहरे, देवळे, बाजार शोधतो आणि मधली समुद्राची पाने भराभर उलटतो. या टिपणात आपण नेमकी तीच पाने वाचणार आहोत. पुस्तक आहे मार्क ट्वेनचे 'द इनोसन्ट्स अब्रॉड' (१८६९), आणि प्रकरणे चौथे व पाचवे. माझा विषय अभियांत्रिकी. त्यामुळे विनोदी पुस्तक वाचतानाही कागद-पेन्सिल हाताशी असते. या पुस्तकाच्या बाबतीत ती सवय उपयोगी पडली.

आधी पार्श्वभूमी पाहू. जून १८६७ मध्ये 'क्वेकर सिटी' ही दोन्ही बाजूंना चाके असलेली आगबोट न्यूयॉर्कहून निघाली आणि युरोप, भूमध्य समुद्र व पॅलेस्टाइन करून नोव्हेंबरमध्ये परतली. माल किंवा टपाल पोचवणे हा तिचा हेतू नव्हता. ही सहल होती. माणशी भाडे १२५० डॉलर. ट्वेनचे भाडे 'अल्टा कॅलिफोर्निया' या वृत्तपत्राने भरले होते. पहिला मोठा टप्पा अ‍ॅझोर्स बेटांपर्यंतचा, सुमारे दहा दिवसांचा. चारी बाजूंना पाणी, आणि प्रवाशांना काम काहीच नाही.

मग ही माणसे करतात काय? ट्वेनचे उत्तर असे की ती स्वतःसाठी वेळापत्रक तयार करतात. सकाळी घंटा, मग न्याहारी, पण ज्यांना समुद्र लागलेला नाही त्यांच्यापुरतीच. त्यानंतर डेकवर फेऱ्या, वाचन, शिवणकाम, पत्ते, सोंगट्या. डेकवर खडूने चौकोन आखून लांब काठीने लाकडी चकत्या ढकलण्याचा खेळही आहे, आणि जहाज कलले की नेम चुकतो. संध्याकाळी जेवण, पुन्हा फेऱ्या, पंधरा मिनिटांची प्रार्थना, आणि मग हलत्या दिव्यांखाली बसून रोजनिशी लिहिणे. मोकळा वेळ मिळाला की माणूस मोकळा होत नाही, पुन्हा तास आखून घेतो, हे निरीक्षण ट्वेन कुठेही उपदेश न करता मांडतो. ही या प्रकरणांची पहिली ताकद.

आता हिशेब तपासू. जहाजावर वेळ टोल्यांनी मोजतात. चार तासांची एक पाळी असते आणि दर अर्ध्या तासाला एक टोला वाढतो. म्हणून चार, आठ आणि बारा वाजता आठ टोले पडतात. ट्वेन सांगतो की प्रवासी दोन-चार दिवसांतच खलाशांची भाषा बोलू लागले आणि साडेसहाला 'सात टोले' म्हणू लागले. मोजून पाहा. चारपासून सुरुवात केली तर सकाळी साडेसहाला पाच टोले होतात. सात होतात साडेसातला. ही चूक प्रवाशांची की लेखकाची? ट्वेन स्वतः मिसिसिपी नदीवर आगबोटीचा परवानाधारक पायलट होता, पण नदीवरचे ज्ञान समुद्रावर चालतेच असे नाही. मजकुरावरून निर्णय करता येत नाही.

दुसरा हिशेब ब्लूचर नावाच्या तरुण प्रवाशाच्या घड्याळाचा. ब्लूचर हैराण आहे. जमिनीवर चोख चालणारे त्याचे घड्याळ समुद्रावर रोज मागे पडते. त्याने ते जलद केले, तरी जहाजाची घंटा पुढेच. शेवटी कप्तान त्याला जहाजावरची वेळ म्हणजे काय ते समजावतो. जहाज पूर्वेला चालले आहे, म्हणून स्थानिक वेळ रोज सुमारे वीस मिनिटे पुढे जाते, असे ट्वेन सांगतो. न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर, अ‍ॅझोर्समधले फायाल साधारण २८.५ अंशांवर. फरक सुमारे ४५ अंश, म्हणजे तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. दहा दिवसांत विभागले तर रोज अठरा. ट्वेनचा आकडा बरोबर आहे.

तिसरा हिशेब चंद्राचा. रोज रात्री ठरावीक वेळी पूर्ण चंद्र आकाशात त्याच जागी दिसत होता, असे ट्वेन लिहितो आणि कारणही देतो : रोज वीस मिनिटे मिळत असल्यामुळे आम्ही चंद्राच्या बरोबरीने चाललो होतो. हे चूक आहे. चंद्र रोज सरासरी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. वीसने पन्नास फिटत नाहीत. शिवाय स्थानिक वेळेनुसार घड्याळ लावत गेलो तर वीसचाही उपयोग नाही; पूर्वेला सरकल्याने सूर्य आणि चंद्र दोन्ही सारखेच सरकतात, त्यांच्यातले अंतर तेवढेच राहते. आणि जहाज कितीही वेगाने जावो, पौर्णिमेचा चंद्र दहा दिवस पूर्ण राहत नाही.

इथे खरा टीकेचा मुद्दा येतो. वेळेचे शास्त्र न कळणाऱ्या ब्लूचरला आपण हसतो. त्याच प्रकरणात निवेदक तेच शास्त्र वापरून चंद्राचा खुलासा करतो, आणि आपण मान डोलावतो. म्हणजे त्या क्षणी ब्लूचरच्या जागी आपण उभे असतो. ट्वेनने हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा मला मजकुरात दिसत नाही. पण परिणाम खरा आहे. अर्धवट ज्ञान आत्मविश्वासाने सांगितले की ते पटते, आणि विनोदी शैलीत सांगितले की तपासावेसेही वाटत नाही.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. घंटा कोण वाजवतो, न्याहारी कोण रांधतो, भट्टीत कोळसा कोण टाकतो? या दोन प्रकरणांत ही माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. प्रवाशांचा रिकामा दिवस त्यांच्या भरलेल्या दिवसावर उभा होता. सहलीची दिनचर्या लिहिताना ट्वेनने फक्त सहल करणाऱ्यांची लिहिली.

शेवटी रोजनिशीकडे येऊ, कारण ही गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. पहिल्या रात्री पानेच्या पाने लिहिणारे प्रवासी लवकरच थकतात. जॅक नावाचा मुलगा तर हजारो मैल मागे पडतो. सबमिशनच्या आदल्या रात्री सहा प्रयोगांची जर्नल एका बैठकीत उतरवणाऱ्यांना जॅक लगेच समजेल. परतीच्या प्रवासात मात्र ट्वेन स्वतःच्या समुद्रावरच्या नीरस नोंदी छापतो आणि आपल्या लहानपणच्या तितक्याच कंटाळवाण्या रोजनिशीची आठवण सांगतो. इतरांना हसणारा लेखक इथे स्वतःचे पान उघडे करतो. म्हणूनच चंद्राची चूक दिसल्यावरही माझा या पुस्तकावरचा विश्वास उडत नाही.

पुस्तक आता प्रताधिकारमुक्त आहे. चौथे व पाचवे प्रकरण मुळातून वाचा आणि माझे तिन्ही हिशेब स्वतः करून पाहा. माझी चूक निघाली तर तीही लिहून ठेवा, पण त्याच दिवशी.