दमेकरी सुपरमॅन कोणाच्या मालकीचा?

‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (२०२५) पाहून सगळे हळवे झाले, मी चिडलो. रीमा कागतींचा सिनेमा वाईट नाही. व्हिडिओ पार्लरवर पायरसीचा छापा पडतो आणि पार्लर चालवणारा नासिर स्वतःचाच सिनेमा काढायला निघतो, इथे प्रेक्षक डोळे पुसतात. पण त्याच्या ‘मालेगाव के शोले’साठी परवानगी मागितली असती तर मिळाली असती का, हे कोणी विचारत नाही. ‘शोले’ लिहिणाऱ्या जावेद अख्तरांच्याच मुलांच्या, फरहान-झोयाच्या कंपन्यांनी आता त्या उचलेगिरीवर रीतसर सिनेमा काढलाय. कोणाचा हक्क आणि कोणाची चोरी!

खरा ऐवज याच सिनेमावेड्यांवरच्या, फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात आहे. मालेगाव हे धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावरचं यंत्रमागाचं गाव. तिथला यंत्रमाग कामगार शफीक शेख, अंगावर मांस नाही, सुपरमॅन झालाय. पायात स्लिपर, चड्डीची नाडी लोंबतेय, मागे आकाश जोडायला टांगलेलं हिरवं कापड. उडता उडता त्याला दम लागतो, कारण गावात धूर आणि धूळ. पोशाख वॉर्नर ब्रदर्सचा असेल. तो दमा मालेगावचा आहे. अमेरिकेच्या महाबलीला खोकायला लावणं ही नक्कल नव्हे, टीका आहे, आणि चांगल्या समीक्षकालाही ती इतक्या थोडक्यात जमणार नाही.

आज याच भागातल्या, यूट्यूबवरच्या खानदेशी कॉमेडीला कोट्यवधी प्रेक्षक आहेत. विडंबन मात्र उरलं नाही, धावपळ उरली. रील्सवरच्या नकलांबद्दल लिहावं असं काही नाही.

जीव आहे तो अहिराणी डबिंगमध्ये. जळगावच्या पोराने परग्रहावरच्या राक्षसाच्या तोंडी ‘कथा जास रे भो?’ घातलं की कोट्यवधी डॉलरची भीती एका दमात उतरते. पण कॉपीराइट तपासणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेला चित्र ओळखता येतं, आवाज ओळखता येतो, विनोद नाही. क्लिपवर दावा लागतो, कमाई स्टुडिओकडे वळते. स्टुडिओला वकील आहेत, पोराकडे मोबाईल.

थेटरात मोबाईल लावून अख्खा सिनेमा उतरवणाऱ्याची मला कणव नाही. त्याच्यासाठी २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत किमान तीन महिने कैद ठेवलीय, ठीक आहे. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेला मोकळीक आहे, विडंबनाचं नाव नाही. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने एका नाटकाला उत्तर देणाऱ्या प्रति-नाटकाच्या बाजूने कौल दिला, तोही टीकेच्याच आधारावर. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या अत्र्यांना आपण चोर म्हटलं नाही. अहिराणीत बोलणाऱ्या पोरालाच तेवढं का म्हणायचं? कलमात विडंबनाचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि पुराव्याचं ओझं दावेदारावर हवं. दमेकरी सुपरमॅन पाहिला म्हणून खऱ्या सुपरमॅनचं तिकीट काढायचं कोणी टाळलं, हे स्टुडिओने सिद्ध करावं. तोवर क्लिप जागची हलवू नये.