शब्दापुरता उरलेला अधिकार : शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एली याजकाची व्यक्तिरेखा

प्रस्तावना

जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचे आरंभीचे चार अध्याय शिलो येथील याजक एली याच्या उत्तरायुष्याशी निगडित आहेत. एलीचे नाव बहुधा मुलांना धाक न लावणारा दुबळा पिता म्हणूनच घेतले जाते. या ठरावीक चौकटीत एक प्रश्न बाजूला पडतो. एलीने आपल्या मुलांची कानउघाडणी केली होती, हे संहितेतच नमूद आहे. मग त्याच्यावर ठपका आहे तो नेमका कशाचा? या प्रश्नाच्या अनुषंगाने एलीच्या व्यक्तिरेखेचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आसन आणि दृष्टी

एली प्रथम दिसतो तो मंदिराच्या दाराशी आसनावर बसलेला. निपुत्रिक हन्ना मनोमन प्रार्थना करीत असते. तिचे ओठ हलतात, पण आवाज उमटत नाही. एली तिला मद्य प्यालेली समजतो आणि कठोर शब्दांत फटकारतो. आपल्याला ‘बेलियालची कन्या’, म्हणजे अधम स्त्री, समजू नये अशी विनवणी ती करते. दुसऱ्या अध्यायात निवेदक हाच शब्द एलीच्या हफनी व फिनहास या पुत्रांसाठी वापरतो. ज्या दूषणास हन्ना पात्र नव्हती, त्यास पात्र असलेले दोघे एलीच्या घरातच होते. परक्या स्त्रीबाबत तत्पर असलेली त्याची कठोरता घरात मात्र उशिरा आणि अपुरी प्रकटते. हा विरोध निवेदक कोणतेही भाष्य न करता, केवळ शब्दाच्या पुनरुक्तीतून उभा करतो.

तथापि एलीचे चित्र एकरंगी नाही. चूक ध्यानात येताच तो हन्नेला आशीर्वाद देतो. बालक शमुवेल रात्री हाक ऐकून तीनदा त्याच्याकडे धावत येतो, तेव्हा ही हाक देवाची आहे हे प्रथम उमगते ते डोळे मंदावलेल्या एलीलाच. हाकेला काय उत्तर द्यावे, हेही तोच शिकवितो. त्या रात्री शमुवेलाला मिळालेला संदेश एलीच्याच घराण्याच्या नाशाचा असतो. एली तो न लपविता सांगावयास लावतो आणि निमूटपणे स्वीकारतो. स्वतःवरील दोषारोप शिष्याच्या तोंडून ऐकण्याची ही तयारी सामान्य नव्हे. आध्यात्मिक जाण शाबूत आहे, पण तिच्या आधारे निर्णय घेण्याचे बळ उरलेले नाही, हीच या व्यक्तिरेखेची शोकात्मता होय.

बोल आणि कृती

एलीपुत्रांचे अपराध दोन प्रकारचे आहेत. अर्पणाची चरबी प्रथम वेदीवर जाळावयाची, असा नेम असताना त्यांचा सेवक त्याआधीच कच्चे मांस मागतो व न दिल्यास बळाने नेण्याची धमकी देतो. याखेरीज दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी ते व्यभिचार करतात. एली त्यांना जाब विचारतो. मनुष्याचा मनुष्याविरुद्धचा अपराध आणि देवाविरुद्धचा अपराध यांतील भेद समजावून सांगतो. परंतु त्यांना याजकपदावरून दूर केल्याचा उल्लेख कोठेही नाही. तिसऱ्या अध्यायातील आरोपही एली बोलला नाही असा नसून, ठाऊक असूनही त्याने मुलांना आवरले नाही, असा आहे. तेथे ‘आवरणे’ या अर्थी योजलेले हिब्रू क्रियापद आणि त्याच अध्यायात एलीच्या मंदावलेल्या डोळ्यांसाठी आलेला शब्द यांत ध्वनिसाम्य आहे. दृष्टी मंदावली, पण दुराचार मंदावला नाही, असा उपरोध त्यातून ध्वनित होतो.

एलीच्या बाजूने दोन गोष्टी मांडता येतात. एक म्हणजे त्याचे वार्धक्य. दुसरी अधिक बिकट आहे : मुलांनी पित्याचे ऐकले नाही, कारण त्यांचा अंत देवानेच योजिला होता, असे निवेदक म्हणतो. तरीही एलीची जबाबदारी संपत नाही. अर्पणांच्या उत्तम भागावर पुष्ट होण्याचा आरोप अनामिक देवपुरुष करतो, तेव्हा तो पित्यालाही त्यात गोवतो. गैरप्रकाराचा लाभ त्याच्याही पानात पडत होता, असे त्यातून सूचित होते.

वजनाचे रूपक

मानणे, जड असणे आणि वैभव हे तीनही अर्थ हिब्रूत एकाच धातूशी जोडलेले आहेत. मराठीतील ‘वजनदार’ या शब्दात शरीराचा भार आणि समाजातील मान एकत्र येतात, त्याच्याशी याचे साम्य आहे. एलीने देवापेक्षा मुलांना अधिक मान दिला, हा आरोप याच धातूने व्यक्त होतो. पुढे पलिष्ट्यांविरुद्धच्या पहिल्या लढाईत सुमारे ४,००० माणसे पडल्यावर वडीलजन शिलोहून कराराचा कोश रणांगणावर आणवितात. आचरणाची जागा पवित्र वस्तूने भरून काढण्याचा हा प्रयत्न फसतो. ३०,००० पायदळ पडते, दोघे पुत्र मरतात आणि कोश शत्रूच्या हाती जातो. ९८ वर्षांचा एली तेव्हा वाटेकडे लक्ष लावून आसनावर बसलेला असतो. पुत्रांच्या मृत्यूची वार्ता ऐकूनही तो सावरलेला राहतो. कोशाचा उल्लेख होताच मात्र मागे कोसळतो आणि मान मोडून मरतो. तो वृद्ध व ‘जड’ होता, हे कारण निवेदक आवर्जून देतो. फिनहासाची पत्नी मरता मरता नवजात पुत्राचे नाव ईखाबोद ठेवते. त्यातही वैभव गेल्याचा हाच धातू ऐकू येतो. एका धातूने आरोप, मृत्यू आणि शोक असे बांधले जातात.

निष्कर्ष

एलीने इस्राएलाचा ४० वर्षे न्यायनिवाडा केला, अशी नोंद त्याच्या मृत्यूनंतर येते. इतरांचा न्याय करणाऱ्याला घरचा न्याय करता आला नाही. मात्र हा दोष केवळ एका पित्याच्या स्वभावाचा मानणे अपुरे ठरेल. आठव्या अध्यायात शमुवेलाचेच पुत्र योएल व अबीया लाच घेऊन न्याय विपरीत करतात आणि लोक राजाची मागणी करतात. एलीचे घर कोसळताना जवळून पाहिलेल्या शमुवेलानेही मुलांना न्यायाधीश नेमले होते. म्हणजेच संहितेचा रोख व्यक्तीइतकाच वंशपरंपरेने हस्तांतरित होणाऱ्या अधिकारावरही आहे. एलीच्या चरित्राचा बोध असा की, अधिकारी व्यक्तीने केलेला निषेध कितीही प्रामाणिक असला, तरी त्यामागे निर्णय नसेल तर तो अपराध्याला संरक्षणच देतो. पदाचा उपयोग न करता उच्चारलेला योग्य शब्द हेच एलीचे अपयश होय.