वाफ दिसते, फडकं दिसत नाही

व्हिडिओ ४० सेकंदांचा असतो. ओट्यामागच्या टाइल्स, त्यांच्या सांध्यांत बसलेला काळपट, चिकट थर. रबरी हातमोजा घातलेला एक हात येतो. हातात स्टीम क्लीनरचं नोझल. फुस्स आवाज होतो, पांढरे लोट उठतात, स्क्रीन भरून जाते. लोट विरतात तेव्हा सांधा पांढराशुभ्र असतो. खाली लोक लिहितात, 'बघूनच बरं वाटलं.'

मग पुढचा व्हिडिओ. गॅसची शेगडी. मग बाथरूमचा नळ, मग गादी, मग खिडकीची स्लायडिंग पट्टी. रात्री साडेअकराला अंथरुणात पडून मी असे वीसेक व्हिडिओ सलग पाहिले आहेत, आणि तेही स्वतःच्या ओट्यावर सकाळी सांडलेला चहा तसाच वाळलेला असताना.

हे व्हिडिओ कुणी सिनेमा म्हणून बघत नाही. पण त्यांना ठरलेली मांडणी आहे, ठरलेला आवाज आहे, ठरलेला शेवट आहे आणि बघणाऱ्याच्या मनावर ठरलेला परिणामही आहे. ज्या गोष्टीत एवढं सगळं ठरलेलं असतं, तिची समीक्षा करायला हरकत नसावी.

या प्रकाराचे नियम साधारण असे. एक, चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात. दोन, घाण कुणाची, ती एवढी साचेपर्यंत त्या घरात कोण काय करत होतं, हे सांगायचं नाही. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, फडकं दाखवायचं नाही. दाखवलंच तर एकदाच, हळुवार फिरणारं, आणि तेही कोरं करकरीत.

हा तिसरा नियम कसा पाळला जातो ते कळायला आधी वाफ समजून घ्यावी लागते.

जे पांढरं दिसतं ते

कुकरची शिट्टी होते तेव्हा नीट बघा. शिट्टीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. थोडं वर गेल्यावर पांढरा लोट सुरू होतो. खरी वाफ ती मधली न दिसणारी जागा. पांढरं दिसतं ते हवेत गार होऊन पुन्हा थेंब झालेलं पाणी. स्टीम क्लीनरचंही तसंच. टाकीवाल्या घरगुती मशीनमध्ये तीन-चार बार दाबाखाली पाणी १४० अंश सेल्सियसच्या आसपास तापतं. पण नोझलमधून बाहेर पडल्या पडल्या ती वाफ पसरते, हवेत मिसळते आणि झपाट्यानं गार होते. म्हणजे व्हिडिओत जो लोट सगळ्यात देखणा दिसतो, त्याच्यातला जोर बराचसा संपलेला असतो. काम होतं ते नोझल अगदी जवळ धरलं की, आणि तिथे कॅमेऱ्याला फारसं काही दिसत नाही. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

वाफेत ताकद नाही असं नाही. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. वाफ गार टाइलवर आदळून पुन्हा पाणी होते तेव्हा ही सगळी उष्णता ती तिथे सोडते. फोडणीच्या तेलाचा वर्षभर घट्ट होत गेलेला थर त्यानं मऊ पडतो. वाफेनं भाजलेलं उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का झोंबतं, त्याचंही कारण हेच.

पण वाफेचं काम इथे संपतं. थर मऊ झाला, सुटला, ओघळला. नाहीसा झाला नाही. तो कुणीतरी पुसून घ्यावा लागतो, आणि लगेच, कारण टाइल गार झाली की ते तेल पुन्हा बसतं, या वेळी दोन इंच खाली. वाफ घाण सैल करते, उचलतं फडकं. ४० सेकंदांच्या व्हिडिओत लोट उठतो आणि विरतो, त्या मधल्या जागी एक कट असतो. सगळं पुसणं त्या कटमध्ये गेलेलं असतं.

एक्झॉस्ट फॅन

दिवाळीच्या आधी मावसबहिणीकडून मी एक मशीन मागून आणलं. १५०० वॅटचं. हिशेब केला तर असं मशीन मिनिटाला जास्तीत जास्त ३५ ग्रॅमच्या आसपास वाफ काढू शकतं, म्हणजे लिटरभर पाणी अर्धा तास पुरतं. पाणी तापायला पाचेक मिनिटं गेली. मग मी स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर नोझल धरलं. पिवळट, मधासारखं घट्ट तेल खाली सरकू लागलं. मला फार भारी वाटलं. त्या २० मिनिटांत मी तो व्हिडिओमधला हात झालो होतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी शेजारी स्टुलावर उभ्या होत्या. फडकं त्यांच्या हातात होतं. मी वाफ मारत होतो, त्या पुसत होत्या. जुने बनियन, फाटका टॉवेल, एका चादरीचे तुकडे, असं करत नऊ फडकी झाली. मी मशीन बंद करून कौतुकानं फॅनकडे बघत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही नुसतं फुंकलंत. पुसायला मीच होते. आणि आता ही फडकीपण मीच धुवायची ना?"

फडकी धुण्याच्या सोड्यात उकळायला आणि घासायला जेवढा वेळ लागला, तेवढा फॅनला लागला नव्हता. त्या कामाचा व्हिडिओ मी आजवर कुठेही पाहिलेला नाही.

यात माझ्यासारख्या पुरुषांबद्दलही एक गोष्ट आहे. बटण असलं, दाबाचा काटा असला, फुस्स आवाज येत असला की आम्ही साफसफाईला उत्साहानं पुढे होतो. फडकं पिळायची वेळ आली की आम्हाला फोन येतो. मशीनमुळे पुरुष घरकामात आला असं वाटतं, पण तो कामाच्या दिसणाऱ्या भागात आलेला असतो. न दिसणारा भाग आधी जिच्याकडे होता तिच्याकडेच राहतो.

कट न मारणारे दोन सिनेमे

व्हिडिओ जे कापतात तेच दाखवायचं, असं ठरवून केलेले सिनेमे आहेत. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकेरमान हिचा 'जान दीलमान' १९७५ सालचा. लांबी २०१ मिनिटं. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा मुलगा, तिचा फ्लॅट आणि तिचे तीन दिवस. ती भांडी घासते तेव्हा आपल्याला तिची पाठ दिसते, आणि बराच वेळ तीच दिसत राहते. ती बटाटे सोलते तेव्हा आपण बटाटे सोलणं बघतो, सोललेले बटाटे नाही. २०२२ साली 'साइट अँड साउंड'च्या समीक्षकांच्या मतदानात हा सिनेमा पहिला आला, तेव्हा अनेकांनी कंटाळा येतो अशी तक्रार केली. तक्रार खरी आहे. पण तो कंटाळा कुणाच्या वाट्याला रोज येतो, हेच तर सिनेमा सांगतोय.

दुसरा आपल्या जवळचा. जिओ बेबी यांचा मल्याळम 'द ग्रेट इंडियन किचन', २०२१ सालचा. निमिषा सजयननं साकारलेली नवी सून रोज जेवणाच्या टेबलावर चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा गोळा करते, ओटा पुसते, आणि सिंकखालचा गळका पाइप नवरा काही केल्या दुरुस्त करून घेत नाही. कॅमेरा त्या सिंकखालच्या पाण्याकडे पुन्हा पुन्हा जातो. शेवटी तेच पाणी नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या अंगावर येतं.

या सिनेमातली एक गोष्ट स्टीम क्लीनरच्या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. त्या घरात यंत्रं आहेत. पण सासऱ्यांना भात कुकरमधला नको, चुलीवरचा हवा. कपडे मशीनमध्ये नकोत, हातानं धुतलेले हवेत. सगळं अगदी गोड आवाजात सांगितलं जातं. म्हणजे यंत्र घरात आलं की बाई सुटते, हे समीकरण तिथे लागू होत नाही. कारण त्या घराला नुसते स्वच्छ कपडे नको आहेत, तिचे हात झिजलेले हवे आहेत.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं मांडली. घरगुती यंत्रांनी पूर्वी पुरुष, मुलं आणि नोकर करायचे त्यातली बरीच कामं काढून टाकली. आईचं काम मात्र शिल्लक राहिलं, कारण यंत्राबरोबर स्वच्छतेची अपेक्षाही वाढली. कपडे धुणं सोपं झालं, तसे ते जास्त वेळा धुवायला पडू लागले.

आता टाइल्सच्या सांध्याकडे परत या. दहा वर्षांपूर्वी तो काळपट सांधा घाण होता का? तो सांध्याचा रंगच होता. कुणी पाहुणा त्याकडे बघून नाक मुरडत नव्हता. व्हिडिओनं आधी ती घाण आपल्याला दाखवली आणि मग ती काढायचं मशीन दाखवलं. जंतूंचंही तेच. जाहिरात '९९.९ टक्के' म्हणते. उष्णतेनं जंतू मरतात हे खरं, पण त्याला तापमान आणि वेळ दोन्ही लागतं. नोझल एका जागी काही सेकंद धरावं लागतं. व्हिडिओत ते फरशीवरून सरसर पळतं, आणि तेवढ्या वेळात फरशी जेमतेम कोमट होते.

मशीन कुणासाठी

तर मग हे मशीन निरुपयोगी आहे का? नाही. माझी तक्रार व्हिडिओशी आहे, मशीनशी नाही.

गादीच्या शिवणीतल्या ढेकणांवर सावकाश फिरवलेली वाफ खरंच काम करते, अंड्यांसकट. नळाच्या मागच्या कोपऱ्यात जिथे बोट जात नाही तिथे वाफ जाते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुष्कळ ठिकाणी ती अ‍ॅसिडची बाटली बाजूला ठेवू शकते. बाथरूममध्ये ओतायचं ते अ‍ॅसिड बहुतेकदा हायड्रोक्लोरिक असतं. त्याच्या वाफा घशात जातात, बोटांची सालं निघतात, आणि चुकून त्यात ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये हे किती धोक्याचं आहे ते सांगायला नको.

पण अ‍ॅसिड कोण ओततं? ज्या घरात स्टीम क्लीनर विकत घेणं परवडतं, त्या घरात बाथरूम बहुतेक वेळा मालकीण घासत नाही. म्हणजे या मशीनचा सगळ्यात जास्त फायदा जिला होईल ती बाई जाहिरातीत नाही, व्हिडिओत नाही, आणि मशीन घरात आल्यावरही ते तिच्या हातात पडत नाही. 'बिघडवेल', 'तिला जमणार नाही', 'महागाचं आहे' असं म्हणून ते कपाटात जातं. अ‍ॅसिडची बाटली मात्र तिच्या हाताशी असते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. पण कुठलं काम कुठल्या साधनानं करायचं, हे अजूनही घराच्या दारातच ठरतं, आणि ते ठरवणारा स्वतः ते काम करत नसतो.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो. केरसुणी जी वर्षभर धरते तिचा हात त्या पूजेत येत नाही. गाडगेबाबा याच्या अगदी उलट होते. ते गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. झाडणारा आणि बोलणारा माणूस एकच होता. स्वच्छतेच्या व्हिडिओंत नेमकी हीच गोष्ट सुटली आहे. तिथे दाखवणारा एक, पुसणारा दुसरा.

म्हणून या प्रकाराकडून माझी मागणी साधी आहे. कट मारू नका. पाणी तापायची पाच मिनिटं राहू द्या. ओघळलेलं तेल दिसू द्या. नऊ फडकी दिसू द्या, ती बादलीत भिजताना दिसू द्या, आणि त्यांना पिळणाऱ्या माणसाचा चेहरा, त्या माणसाची हरकत नसेल तर, दिसू द्या. व्हिडिओ ४० सेकंदांचा राहणार नाही. कदाचित कुणी बघणारही नाही. पण मशीन घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर ते कुणी वापरायचं, हे ठरवायला त्याचा उपयोग होईल.

मशीन परत करायच्या आधी एक रविवार उरला होता. खिडक्यांच्या पट्ट्या बाकी होत्या. या वेळी नोझल मावशींच्या हातात दिलं. त्यांनी ते माझ्यापेक्षा बरंच जवळ धरलं आणि माझ्यापेक्षा बरंच हळू फिरवलं. लोट जवळजवळ उठलेच नाहीत. मी खाली बसून पुसत होतो. चौथ्या खिडकीला माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी नुसतं एकदा वळून बघितलं आणि पाचवी खिडकी सुरू केली.

फडकी मी धुतली. दोन दिवस नखांतून काळं गेलं नव्हतं.