नेम कुणाचा, नाव कुणाचं?

"शिकारीवर पीएचडी? म्हणजे बंदूक घेऊन रानात फिरतेस काय?" राजापूरच्या एसटी स्टँडवर हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा लिहूनच टाकते.

माझा विषय शिकारीच्या गोष्टींचा आहे. शिकारी आपल्यातल्या कुणाला मोठं मानतात, आणि ते मोठेपण पुढच्या पिढीकडे कसं पोचतं, हे तालुक्यातल्या जुन्या माणसांकडून ऐकायचं आणि पोथ्या-पुस्तकांतल्या शिकाऱ्यांशी ताडून बघायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली. त्यामुळे ऐकते ते त्याआधीचं, आणि इथे ना कुणाचं नाव येईल ना गावाचं.

सुरुवातीलाच माझी फजिती झाली. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता: गावात सगळ्यात मोठं डुक्कर कुणी मारलं? पडवीत बसलेल्या एका आजोबांनी उत्तर दिलं, अगदी नावासकट. मी लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तेच सगळ्यात चांगले शिकारी?" आजोबा हसले. "तो? त्याच्या बाजूला कोन बसायचा नाय, बाय. पानं हालली की बार काढायचा."

हे नीट समजून घ्या. हाक्याच्या शिकारीत एका बाजूने माणसं ओरडत, डबे वाजवत रान उठवतात आणि दुसऱ्या बाजूला ठासणीची बंदूक घेऊन काही जण दबा धरून बसतात. मधल्या झाडीत डुक्कर असतं, तसाच शेजारचा पोरगाही असतो. पानं दोघांमुळेही हलतात. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या कोकणातून आजही अधूनमधून येतात.

आजोबांचं ते वाक्य ऐकल्यापासून मला दशरथ वेगळा दिसायला लागलाय.

ठासणीच्या बंदुका कोकणात पोचल्या, पण गोष्टींतला आपला थोर शिकारी अजून धनुष्यवालाच आहे. त्यातला दशरथ शब्दवेधी, म्हणजे नुसत्या आवाजावर नेम धरणारा. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात तो ही हकीगत मरणाच्या दारात कौसल्येला स्वतः सांगतो. पावसाळ्याचे दिवस, रात्र, शरयूचा काठ. पाण्यावर येणारं एखादं जनावर मारावं म्हणून हा तरुण राजपुत्र बसलेला. घडा भरल्याचा आवाज येतो, त्याला हत्ती वाटतो, बाण सुटतो. सांगताना तो अंधाराला दोष देत नाही. शब्दवेधी म्हणून आपलं नाव झालं होतं, हे तो आधी सांगतो आणि पाप त्यानंतर. चूक घडायच्या आधीच ती कीर्ती तिथे धनुष्य ताणून बसलेली आहे.

आपण मराठीत ही गोष्ट कशी ऐकतो? श्रावणबाळाची. कावड, आंधळे आईबाप, सेवा. वाल्मीकींकडे त्या मुलाला नावच नाही. नाव, कावड आणि आदर्श हे सगळं पुढच्या परंपरेने दिलं. त्यात वाईट काहीच नाही. पण तेवढ्यात धनुर्धाऱ्याची जबाबदारी 'चुकून बाण लागला' एवढ्यावर भागते. आजोबांच्या हिशेबाने ती चूक नव्हेच. न बघता बार काढणाऱ्याचं आज ना उद्या तेच व्हायचं. दरबारात ज्या कसबाला टाळ्या पडतात, त्याच कसबामुळे रानात त्या माणसाशेजारी कुणी बसत नाही.

दुसरी गोष्ट किरात आणि अर्जुनाची. एक डुक्कर (खरं तर मूक नावाचा दानव), त्याला दोन बाण, आणि मग भांडण: बाण कुणाचा आधी लागला? वनपर्वात अर्जुन चक्क शिकारीच्या नियमांवर बोट ठेवतो: मी नेम धरलेल्या जनावरावर तू बाण टाकलासच कसा? समोरचा म्हणतो, नेम आधी माझा होता. भारवीने यावर 18 सर्गांचं महाकाव्य लिहिलं. त्यात किराताचा दूत बाण मागायला येतो तो भाग वाचताना मला सारखे गावातले वाटे आठवत होते. जनावर पडलं की वाटे घालायचे, आणि पहिला बार कुणाचा यावरून वाद. शंकराशी भांडण म्हणून आपण तो प्रसंग भक्तिभावाने वाचतो. शिकारी माणसाला मात्र तो ओळखीचा, जरा हसू आणणारा वाटेल.

आता जरा लांब जाऊ, कारण आधुनिक काळात धनुष्याने शिकार करणाऱ्यांनी आपली परंपरा सगळ्यात पद्धतशीर जपली ती अमेरिकेत. 1911 साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा उरलेला माणूस रानातून बाहेर आला. आपलं नाव त्याने कधी सांगितलं नाही. 'इशी' हा त्यांच्या भाषेतला 'माणूस' या अर्थाचा शब्द मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्याला नाव म्हणून दिला. सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर. ते त्याच्याकडून धनुष्य करायला आणि शिकार करायला शिकले. 1916 साली इशी क्षयाने गेला. पोप यांनी 1918 साली याहींच्या धनुर्विद्येवर शास्त्रीय निबंध लिहिला, 1923 साली गाजलेलं पुस्तक लिहिलं, आणि पुढे आर्थर यंगबरोबरच्या मोठ्या शिकारींनी दोघांचं नाव झालं.

पोप प्रामाणिक होते. ठरावीक अंतरावरच्या लक्ष्यावर नेम मारण्यात इशी फारसा चमकत नव्हता, हे त्यांनी लिहून ठेवलंय. तो उकिडवा बसून, जवळून बाण मारायचा. आदल्या दिवशी तंबाखू नाही, पहाटे ओढ्यात अंघोळ, अंगाला सुवासिक पाला चोळायचा, पोट रिकामं. म्हणजे जनावराला वास लागू नये आणि आपण जवळ पोचावं, सगळी विद्या यासाठी. बाण सुटायच्या आधीच शिकार बरीचशी झालेली असे.

1961 साली तिथल्या धनुष्यवाल्यांनी संघटना काढली तिचं नाव पोप अँड यंग क्लब. तिच्या नोंदवहीत धनुष्याने मारलेल्या जनावरांच्या शिंगांची, कवट्यांची मापं असतात. आणि उत्तर अमेरिकेतल्या असामान्य जनावरासाठी दिला जाणारा तिचा सर्वोच्च सन्मान? इशी पुरस्कार.

आदरच आहे तो, मी नाकारत नाही. तिथल्या शिकाऱ्यांना आपला गुरू कोण हे माहीत आहे, आणि तेही कमी नाही. पण इशीला जे येत होतं ते कुठल्याच टेपने मोजता येत नाही. वारा कुठून येतो, किती वेळ हलायचं नाही, कधी बाण ठेवून द्यायचा, यांपैकी नोंदवहीत काय लिहिणार? शिंगं लिहिता येतात, म्हणून शिंगं लिहिली. पोटासाठी शिकार करणाऱ्या माणसाच्या नावाने आता शिंगांना बक्षीस मिळतं.

हे लिहिताना मी मुकाट्याने माझी प्रश्नावली उघडली. सगळ्यात मोठं डुक्कर कुणी मारलं? क्लबचाच प्रश्न तो, फक्त मराठीत. चार महिने मी हेच विचारत फिरत होते, आणि आजोबांसारखं कुणी हसलं नाही तिथे मिळालेलं नाव 'थोर शिकारी' या रकान्यात भरत होते. ती सगळी पानं परत तपासायला घेतली आहेत.

(बारसूच्या सड्यावरचं कातळशिल्प बघायला गेलात तर मधल्या माणसाकडे निरखून बघा. दोन्ही बाजूंना वाघ, याचे हात पसरलेले, आणि हातात धनुष्य नाही. त्याचा अर्थ लावायचा मोह मला होतो. मार्गदर्शक बाई होऊ देत नाहीत.)

तो प्रश्न आता खोडलाय. नवा असा आहे: कुणाच्या बाजूला बसायला तुम्हाला भीती वाटायची नाही? परवा पहिल्यांदा हा प्रश्न घेऊन त्याच पडवीत गेले. आजोबांनी बराच वेळ विचार केला आणि एक नाव सांगितलं, जे माझ्या कुठल्याच पानावर नव्हतं. किती डुकरं मारली त्यांनी, असं सवयीने विचारून बसलेच.

"एक पन नाय," आजोबा म्हणाले. "तो हाका घालायला असायचा. रान त्याला म्हायती."