हेराक्लायटसची नदी : तीच की वेगळी?

फ्रीमाँटला मुलांकडे राहायला आल्यापासून आम्ही उभयता सकाळी अलामेडा क्रीकच्या काठाने फिरायला जातो. परवा सोबत नातू होता. एका नदीत दोनदा उतरता येत नाही असे ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटस सांगून गेल्याचे त्याने ऐकवले आणि विचारले, "मग आजोबा, जुनं धरून काय बसायचं?"

उत्तर देण्यापूर्वी आम्ही ते वचन तपासले.

हेराक्लायटस हा इफेससचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला; काळ इ. स. पूर्व ५०० च्या सुमाराचा. त्याचा ग्रंथ हरवला. उरली ती सव्वाशेच्या आसपास वचने, तीही इतरांनी आपापल्या पुस्तकांत घेतली म्हणून. तेव्हा प्रत्येक वचनाला आधी विचारावे : तुला कोणी आणले, आणि कशासाठी?

नातवाचे वचन प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादातले. ते हेराक्लायटसनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, सारे काही बदलते हे दाखवण्यासाठी सांगितलेले. दुसरे रूप चौथ्या शतकातील ख्रिस्ती लेखक युसेबियस याच्या ग्रंथात सापडते. अनेक अभ्यासक तेच मूळ शब्दांच्या जवळचे मानतात. त्याचा आशय असा, की नद्या त्याच, उतरणाऱ्यांवरून वाहणारे पाणी मात्र नवनवे. ग्रीक वाक्यात 'त्याच' हा शब्द अशा जागी आहे, की तो नद्यांना लागतो तसा माणसांनाही लावता येतो. पाणी बदलते म्हणूनच नदी नदी राहते. थांबले तर डबके होईल. आम्हाला हा अर्थ अधिक पटतो.

यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात हेराक्लायटस वाचला. त्याची वचने जपली हे फिलोचे उपकार. पण विरुद्ध गोष्टींच्या एकत्वाचा विचार आधी मोशेचा, असेही त्याने ठोकून दिले. अभिमान समजतो, पुरावा दिसत नाही.

आपल्या परंपरेनुसार नवगावला गलबत फुटले, ग्रंथ बुडाले. उरले शेमा, शब्बाथ, सुंता. आपणही तुकड्यांवरच जगलो. म्हणून हेराक्लायटसला आपला साक्षीदार करण्याचा मोह आम्हालाही होतो. फिलोला दोष दिल्यावर तो आवरला पाहिजे.

नातवाला एवढेच म्हणालो, "बाळा, तू अर्धेच ऐकलेस." शेमा म्हणणारे आवाज कोकणात वेगळे होते, मुंबईत वेगळे, इथे आणखी वेगळे. शेमा तोच आहे.