खेळणाऱ्यानं काय बोलावं?

भोईवाड्यातल्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण आपल्या चाळींच्या गॅलरीत मुलं मोबाइलवर जे पाहत बसतात, त्यात पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचा तरी खेळ चाललेला असतो. एक जण गोष्टीचा मोठा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळतो, खेळता खेळता बोलतो आणि बाकीचे तासन्‌तास बघतात. याला 'प्लेथ्रू' म्हणतात. दुसरा जेवतोय आणि हे ताटाकडे बघतायत, अशी त्याची थट्टा होते. आम्हांला ती पटत नाही. कीर्तनालाही आपण बुवांच्या तोंडून दुसऱ्याचीच गोष्ट ऐकायला जातो. तेव्हा प्रश्न बघण्याचा नाही, बोलणारा काय बोलतो याचा आहे.

आधी घरचं उदाहरण घेऊ. २०२० साली पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम आणला. राजी ही सर्कशीतली मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. काटेकोर बोलायचं तर हा रोल-प्लेइंग गेम नव्हे. कथेला वळण देणारे निर्णय खेळणाऱ्याच्या हाती नाहीत. पण राजीची कथा सांगतात कोण? दुर्गा आणि विष्णू. म्हणजे कॉमेंटरी गेमच्या आतच आहे! देव वरून पाहतात, आपसांत बोलतात, शस्त्रही देतात. लढावं मात्र राजीलाच लागतं. भाष्यकाराची जागा कुठली, ते इथं नेमकं दिसतं.

आता निर्णय हाती देणारा गेम बघू. पोलंडच्या 'सीडी प्रोजेक्ट रेड'चा, २०१५ सालचा 'द विचर ३'. सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथाविश्वावर तो बेतलेला आहे. पैसे घेऊन राक्षस मारणारा गेराल्ट एका टेकडीपाशी येतो. तिथं झाडाखाली कोंडलेला आत्मा म्हणतो, मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ पोरांना वाचवीन. सोडवलं तर पोरं वाचतात, पण एका गावाचा संहार होतो. मारलं तर गाव राहतं, पोरं जातात. आणि हे त्या क्षणी कळत नाही, पुढे कळतं.

इथं अनेक कॉमेंटरीवाले काय करतात? परिणाम आधीच कुठून तरी शोधून घेतात, किंवा जुन्या सेव्हवर मागे येतात, आणि मग 'हा पर्याय घ्या, हा बरा' असं सांगतात. आमची तक्रार इथं आहे. निर्णयाचं त्यांनी दरपत्रक केलं. फळ माहीत नसताना काय करावं, हाच तर नीतिशास्त्राचा पेच. फळ बघून केलेली निवड म्हणजे बाजारातली खरेदी झाली.

कुणी म्हणेल, दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला शेवट ठाऊकच असतो, त्यानं काय करायचं? त्यानं कीर्तनकाराकडे बघावं. हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट बुवांना ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. तरी तारामती रोहिदासाचं प्रेत घेऊन स्मशानात येते, तेव्हा बुवा 'घाबरू नका, मुलगा उठणार आहे' असं सांगत नाहीत. हरिश्चंद्राला जे ठाऊक नाही, ते बुवाही तेवढा वेळ बाजूला ठेवतात.

हे नुसतं खेळापुरतं नाही. याच परिसरातले गिरणी कामगार १९८२ च्या संपात उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी मागे यायला सेव्ह नव्हता. आज निकाल हातात धरून त्यांना शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटतात. तीही त्याच जातीची कॉमेंटरी.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. निवड करताना जो अडखळतो, का अडखळलो ते सांगतो, आणि गाव गेल्यावरही मागे न फिरता पुढे खेळतो, त्याचा प्लेथ्रू बघावा. आणि घरातल्या मोठ्यांनी मुलांना 'किती वेळ बघतोस' एवढंच विचारू नये. 'त्यानं काय निवडलं, आणि तू काय निवडलं असतंस' हेही विचारावं. मूल विचारात पडलं, तर तो वेळ फुकट गेला असं आम्ही म्हणणार नाही.