उवेचीही बाजू मांडणारे पुस्तक

प्राण्यांमुळे होणाऱ्या जिवाणूजन्य रोगांचा पाठ आपण बहुधा तक्त्यावरून शिकवतो. एका रकान्यात रोग, दुसऱ्यात जंतू, तिसऱ्यात वाहक. प्लेग – पिसू, लेप्टोस्पायरोसिस – उंदराचे मूत्र, टायफस – ऊ. जोड्या लावल्या की पाठ संपला. पण ऊ रोग पसरवते हे कोणाच्या आणि कसे लक्षात आले? तो रोग उवेला होतो की नाही? असे प्रश्न तक्त्यात मावत नाहीत. ते ज्या पुस्तकात मावले आहेत, त्याची ओळख आम्हाला येथे करून द्यायची आहे. त्यातले काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हेही पाहायचे आहे.

पुस्तकाचे नाव 'रॅट्स, लाइस अँड हिस्टरी'. म्हणजे उंदीर, उवा आणि इतिहास. ते 1935 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेखक हान्स झिन्सर हे हार्वर्ड विद्यापीठातले जिवाणुशास्त्रज्ञ. 1915 साली सर्बियात टायफसची भयंकर साथ आली, तेव्हा ते अमेरिकन रेडक्रॉसच्या पथकाबरोबर तेथे गेले होते. रोग त्यांनी प्रयोगशाळेत पाहिला होता, तसा छावण्यांतही.

आधी एक घोटाळा दूर करू. टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो. साथीचा टायफस, ज्याला मराठी कोशांत प्रलापक सन्निपात ज्वर म्हटले आहे, तो 'रिकेट्सिया प्रोवाझेकी' या जिवाणूमुळे होतो व कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवेमार्फत पसरतो. या नावात दोन माणसे दडली आहेत. हॉवर्ड रिकेट्स 1910 साली मेक्सिकोत आणि स्टॅनिस्लाउस फॉन प्रोवाझेक 1915 साली जर्मनीत, दोघेही या रोगाचा अभ्यास करतानाच त्याला बळी पडले.

झिन्सर यांनी पुस्तक लिहिले आहे ते रोगाचे चरित्र म्हणून. एखाद्या थोर पुरुषाचे लिहावे तसे त्याचे कूळ, बालपण, पराक्रम आणि उतारवय. बारा प्रास्ताविक प्रकरणांनंतर मूळ विषय येईल, असे त्यांनी उपशीर्षकातच गमतीने बजावले आहे, आणि ते खरे आहे. आधी साहित्य, चरित्रलेखन, परोपजीवी जीवन, प्राचीन साथी, उंदीर, उवा यांवर मनमुराद गप्पा होतात. भाषांतर न देता लॅटिन व फ्रेंच अवतरणे पेरलेली आहेत. आपल्याकडच्या वाचकाची येथे दमछाक होते. सुरुवातीची साहित्यचर्चा खुशाल गाळावी. नुकसान होत नाही.

पुस्तकाचे खरे बळ उवेवरच्या प्रकरणांत आहे. उवेकडे किळसवाणा प्राणी म्हणून न पाहता, माणसाच्या सहवासात अडकलेला जीव म्हणून झिन्सर पाहतात. टायफसच्या रोग्याचे रक्त प्यायल्यावर जिवाणू उवेच्या आतड्यातील पेशींत वाढतात, पेशी फुटतात आणि सुमारे दोन आठवड्यांत ऊ मरते. माणसांतले बरेच रोगी वाचतात, ऊ वाचत नाही. मग उवेच्या दृष्टीने रोग पसरवणारा भयानक प्राणी कोण? माणूसच. तक्त्यातला बाण डावीकडून उजवीकडेच जातो असे मुलांना वाटते. हे एक प्रकरण वाचून दाखवले तर तो बाण दोन्हीकडे फिरतो.

पुस्तक शार्ल निकोल यांना अर्पण केले आहे, तेही समर्पक. ट्युनिस शहरात निकोल यांना एक गोष्ट खटकली होती. रुग्णालयात येईपर्यंत रोगी इतरांना रोग देत, त्यांचे कपडे हाताळणाऱ्यांनाही तो होई. पण रोग्याला आंघोळ घालून, कपडे बदलून वॉर्डात निजवले की शेजारच्या खाटेवर रोग जात नसे. म्हणजे जे काही रोग नेते ते अंगावर व कपड्यांत असले पाहिजे. 1909 साली त्यांनी माकडांवरील प्रयोगांनी ते सिद्ध केले. 1928 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निरीक्षण, तर्क, प्रयोग यांचा इतका स्वच्छ धडा शोधून सापडणार नाही. पुढे असेही कळले की रोग चाव्यातून जात नाही. उवेच्या विष्ठेत जिवाणू असतात आणि खाजवलेल्या त्वचेतून ते आत शिरतात.

आता आमचे आक्षेप. परोपजीवी व यजमान यांचे दीर्घकाळ एकत्र राहिले की जुळते आणि रोग सौम्य होतो, असे झिन्सर मानतात. ऊ मरते, यावरून रोग उवांत अलीकडेच आला असावा, असा त्यांचा निष्कर्ष. कोविडच्या काळातही 'विषाणू आपोआप सौम्य होतोच' असे पुष्कळांनी ऐकवले. पण हा नियम नाही. रोग पसरतो कसा, यावर त्याची तीव्रता अवलंबून असते. सर्दीच्या रोग्याने हिंडलेफिरले तर विषाणूचा फायदा. टायफसला त्याची गरज नाही. रोगी तापाने फणफणला किंवा मेला, की ऊच त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधते. अशा जिवाणूला सौम्य होण्याचे कारण काय? चरित्राच्या रूपकामुळे रोगालाही वय आणि शहाणपण येते असे वाटू लागते. रूपक गोड आहे, म्हणूनच सांभाळून वापरावे.

दुसरा आक्षेप इतिहासाबद्दल. लढाया सेनापतींपेक्षा रोगजंतूंनी जास्त जिंकल्या, हे पुस्तकातले सर्वांत गाजलेले म्हणणे. 1812 साली रशियावर चालून गेलेल्या नेपोलियनच्या सैन्याची टायफसने झालेली दैना हे त्यातले ठळक उदाहरण. लिथुआनियात विल्नियस येथे या सैनिकांचे सामुदायिक दफन सापडले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 35 सैनिकांच्या दातांपैकी तिघांत टायफसच्या व सात जणांत 'ट्रेंच फीवर'च्या जिवाणूचे अंश मिळाले. हा दुसरा तापही उवेचाच. 2025 साली मात्र दुसऱ्या संशोधकांनी 13 सैनिकांचे दात नव्या पद्धतीने तपासले. त्यांना टायफस मिळाला नाही. मिळाले ते पॅराटायफॉइड आणि उवांमुळेच होणाऱ्या उलटून येणाऱ्या तापाचे जिवाणू. 13 दातांवरून झिन्सर खोटे ठरत नाहीत, पण एका रोगाला नायक केले की त्याचे साथीदार झाकले जातात, एवढे नक्की दिसते.

तिसरी उणीव म्हणजे पुस्तकाचे जग मुख्यतः युरोपचे आहे. आपल्याला टायफसचा भाऊबंद भेटतो तो गवतात. 'स्क्रब टायफस' हा 'ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी' जिवाणूचा रोग. झुडपांत व गवतात राहणाऱ्या बारीक माइटच्या सहा पायांच्या पिल्लांच्या चाव्यातून तो होतो. 2018 साली पावसाळ्याच्या अखेरीस नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत त्याची साथ आली, माणसे दगावली. चावलेल्या जागी काळी खपली दिसली तर निदान सोपे होते, पण ती काखेत, जांघेत लपते. पेनिसिलिन येथे निरुपयोगी, डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाले तर रोगी बरा होतो. पुस्तक शिकवताना हा परिशिष्टाचा भाग शिक्षकालाच जोडावा लागेल.

एक गोष्ट मात्र झिन्सर यांनी अचूक पकडली आहे. टायफस येतो तो माणसे जिथे कोंबली जातात, जिथे कपडे बदलायला आणि धुवायला मिळत नाहीत तिथे. म्हणजे तुरुंगांत, युद्धात, दुष्काळात. माणसाचा मूर्खपणा व क्रौर्य संपेपर्यंत हा रोग संपणार नाही, असा त्यांचा शेवटचा इशारा. 1940 साली ते वारले. पुढच्या काही वर्षांतच नाझींच्या छळछावण्यांत टायफसने थैमान घातले.

हे वर्गात सांगण्याचे आणखी एक कारण आहे. एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या की सगळा वर्ग तिच्यापासून दूर बसतो, आणि कधीकधी आपणही ते चालू देतो. टायफसच्या साथी पसरवल्या त्या कपड्यांतल्या उवांनी, डोक्यातल्या नव्हे. डोक्यातल्या उवांवर फणी आणि औषध पुरते. उवेलासुद्धा सहानुभूती देणारे पुस्तक वाचल्यावर त्या मुलीशेजारी बसायला आपल्याला जड जाऊ नये. गुण-दोष धरून हे पुस्तक शिक्षकाने एकदा वाचावेच, असे आम्हाला वाटते.